चढाला मागचं चाक आपटतंय? ट्रॅक्शन बारच्या आधी हे बघा

लक्षणं आधी सांगतो. तुमच्या गाडीला यातलं कुठलं लागू पडतं ते नीट ओळखा, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

– पहिल्या गिअरमध्ये, चढावर, क्लच पूर्ण सुटल्यानंतर ॲक्सिलरेटर दाबला की मागून धड-धड-धड. पाय उचलला की गप्प. ओल्या डांबरावर आणि लाल मातीच्या चढावर जास्त. उतरून मागे बघितलं तर रस्त्यावर टायरच्या तुटक तुटक काळ्या खुणा.
– गाडी निघताना एकच ‘टक्’. रिव्हर्स टाकून क्लच सोडला की पुन्हा एक.
– जोरात ब्रेक मारला की मागची बाजू थरथरते.
– स्पीड ब्रेकर ओलांडल्यावर मागचा भाग एकदा खाली-वर होऊन थांबत नाही, तीन-चारदा झुलतो.
– सरळ रस्त्यावर गाडी कुर्लीसारखी (खेकड्यासारखी) तिरकी चालते. मागून येणाऱ्याला तुमची एक बाजू जास्त दिसते.
– रिकामी असताना उडते, माल भरला की शहाण्यासारखी चालते.

शेवटचं लगेच निकालात काढतो. तो बिघाड नाही. माल ओढायचा म्हणून कुणीतरी मागच्या लीफ स्प्रिंगला एखादा पाटा (पट्टी) वाढवलाय आणि आता रिकाम्या गाडीला ते पाटे कडक पडतात. त्याला ट्रॅक्शन बार (पाट्याचा पीळ अडवणारी दांडी), शॉकअप काही लागत नाही. वाढवलेला पाटा काढायचा, नाहीतर सहन करायचं.

आणखी एक गफलत नेहमी होते. क्लच अर्धा सुटताना सगळी गाडीच थडथडते, सपाटीलाही थडथडते, आणि क्लच पूर्ण सुटला की थांबते, तर तो क्लच किंवा इंजिनाचं फाटलेलं माउंटिंग. मागच्या पाट्यांशी त्याचा संबंध नाही. चाक आपटणारी गाडी क्लच सुटल्यावरही आपटतच राहते. एवढा एक फरक कळला तरी अर्धे पैसे वाचतात.

मी कणकवलीच्या बाजूला काम करतो. माझ्याकडे येणाऱ्या गाड्या तीन तऱ्हेच्या. मालवण-देवगडची मासळी नाहीतर आंब्याच्या पेट्या घेऊन करूळ, फोंडा घाट चढणाऱ्या पिकअप. चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) खाणीवर राबणाऱ्या. आणि हौसेनं मोठे टायर लावलेल्या जीप आणि जिप्सी. पहिल्या दोघांचे मालक म्हणतात, ‘मेस्त्रीनू, चढाक लागली की मागसून कोणतरी हातोड्यान मारता असा वाटता.’ तिसऱ्या तऱ्हेचा पोरगा मोबाइलवर व्हिडिओ बघूनच आलेला असतो आणि थेट सांगतो, ट्रॅक्शन बार बसवा. त्याला मी विचारतो, ‘तुका बार कित्याक व्हयो?’ बार हे खाली सांगतो त्या कामांतलं शेवटचं काम आहे. आधीचं काही ढिलं ठेवून बार चढवला तर आवाज थांबतो, पण ज्या भागातून आवाज येत होता तो तुटायला लागतो.

नक्की होतं काय

लीफ स्प्रिंगच्या गाडीत मागचं हौसिंग, म्हणजे डिफरन्शियल आणि मागचे ॲक्सल ज्यात असतात ते आडवं लोखंडी कवच, फक्त पाट्यांनी धरलेलं असतं. गाडीचं वजन पाट्यांवर, गाडी पुढे ढकलायचा जोर पाट्यांवर आणि हौसिंगला गरगर फिरू न देण्याचं कामही पाट्यांचंच. इंजिन चाकाला पुढे फिरवतं तेव्हा हौसिंग उलट दिशेला पिळलं जातं, पिनियनचं नाक (हौसिंगचं पुढचं टोक, जिथे इंजिनाकडून आलेला शाफ्ट जोडतो) वर उठायला बघतं. पाटा त्या पिळानं वाकतो: पुढचा अर्धा भाग वर फुगतो, मागचा खाली दबतो, अंगणात ओढलेल्या दोरीत लाट यावी तसा. एका हद्दीनंतर टायरची पकड सुटते. पकड सुटली की पाटा उसळून सरळ होतो, टायर पुन्हा रस्ता धरतो, पाटा पुन्हा पिळतो. हे सेकंदात कितीतरी वेळा होतं, तीच तुमची धडधड.

ट्रॅक्शन बार म्हणजे हौसिंगच्या खालून पुढे पाट्याच्या पुढच्या डोळ्यापर्यंत (चेसीला बांधलेल्या, गोल वळवलेल्या टोकापर्यंत) गेलेली दांडी. पिनियनचं नाक वर उठायला लागलं की दांडीचं पुढचं टोक वर टेकतं आणि पीळ तिथेच अडतो. ही कल्पना अमेरिकेतल्या साठ-सत्तरच्या दशकातल्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या, मोठ्या इंजिनांच्या गाड्यांवर रुळली. आपल्याकडे तेवढी ताकद नाही, पण पहिला गिअर, भरलेली गाडी आणि घाटातलं वळण हे तिघं मिळून पाट्याला तसाच पिळतात.

पुढचं सगळं लीफ स्प्रिंगवाल्यांसाठी आहे: बोलेरो, पिकअप, जिप्सी, जुन्या जीप, २०१० ते २०२० मधली थार. स्कॉर्पिओ, इनोव्हा किंवा २०२० नंतरची नवी थार असेल तर मागे कॉइल स्प्रिंग आणि लिंक रॉड असतात. तिथे आवाज आला तर लिंकचे बुश (सांध्यातली रबरं) बघायचे. ट्रॅक्शन बारचा तिथे प्रश्नच येत नाही.

फुकटात होणारी तपासणी

टायरची हवा. चारही चाकांची, गाडी थंड असताना, दारावरच्या पट्टीवर लिहिल्याप्रमाणे. मागच्या दोन टायरांत हवेचा फरक असला तर एक चाक आधी सुटतं आणि आपटायला लागतं. मागचे दोन्ही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारखे झिजलेले हवेत. मग चाकांचे नट. मग स्टेपनी, टूलबॉक्स, सायलेन्सरचं रबर. हसू नका. सुटलेल्या स्टेपनीमुळे ‘डिफरन्शियल गेला’ म्हणून आलेली गाडी मी बघितली आहे.

आता गाडी खालून धुवा. हे काम लोक टाळतात, पण आपल्या भागात ते केल्याशिवाय खालचं काही वाचताच येत नाही. जांभ्याची धूळ सगळ्यावर बसलेली असते आणि गंजही त्याच रंगाचा. धुवून, सुकवून, एक दिवस गाडी डांबरावर चालवा. मग टॉर्च घेऊन यू बोल्टच्या नटांखाली आणि पाटा जिथे हौसिंगवर बसतो तिथे बघा. धूळ सगळीकडे सारखी बसते. पण एका नटाखालून किंवा पॅडच्या कडेनं बारीक लाल ओघळ आलेला दिसला, बोटाला पिठासारखी लाल पूड लागली, तर ती धूळ नव्हे. लोखंडावर लोखंड घासून निघालेला गंज आहे तो. तिथे काहीतरी हलतंय. कधी त्या लालीत नखभर चमकणारी रेघ दिसते. पाटा जेवढा सरकतो तेवढी ती रेघ.

मासळीच्या गाडीत हे दुप्पट लवकर होतं. बर्फ वितळून खारं पाणी फळीच्या फटीतून नेमकं मागच्या पाट्यांवर गळतं. पाट्यांच्या मध्ये गंज फुगतो, पाटे एकमेकांवरून सरकायचे थांबतात आणि मग एक दिवस मधलाच एखादा पाटा तुटतो. तुटलेला पाटा मेन पाट्याखाली लपून बसतो, वरून दिसत नाही. प्रत्येक पाट्याच्या कडेवरून बोट फिरवा, भेग नखाला लागते.

यू बोल्ट, सेंटर बोल्ट, क्लिप

चहापाण्याच्या पैशात होणारं काम, आणि माझ्याकडच्या बहुतेक गाड्या इथेच बऱ्या होतात.

यू बोल्ट पाट्यांची गड्डी हौसिंगला आवळून धरतात. ते ढिले पडले की सगळा भार मधल्या एका सेंटर बोल्टवर येतो. तो पाट्यांना एका रांगेत ठेवण्यापुरता असतो, भार घ्यायला नाही. तो कापला जातो, हौसिंग एका बाजूला सरकतं आणि गाडी कुर्ली होते. माप घेणं सोपं आहे. गाडी सपाटीला उभी करा. दोन्ही बाजूंना पाट्याच्या पुढच्या डोळ्याच्या बोल्टपासून आणि हौसिंगच्या मधोमधपासून गवंड्याचा ओळंबा सोडा, जमिनीवर खडूनं खुणा करा, टेपनं अंतर मोजा. डावं-उजवं सारखं यायला हवं. अर्ध्या सेंटीमीटरहून जास्त फरक आला तर सेंटर बोल्ट उघडून बघायला लागेल.

यू बोल्ट आवळताना तिरपे-तिरपे, थोडे-थोडे आवळा, आणि शेवटी टॉर्क पान्यानं कंपनीच्या आकड्यावर आणा. पाइप घालून जीव खाऊन आवळलेला यू बोल्ट ताणून लांब होतो आणि मग कधीच नीट धरत नाही. एकदा काढलेला यू बोल्ट परत वापरू नका. नवा बसवल्यावर शंभर किलोमीटरनं एकदा आणि पाचशेनं पुन्हा एकदा पाना लावा. पाट्यांमधला रंग आणि गंज दबून गड्डी थोडी बसते, म्हणून. ‘मागच्याच महिन्यात आवळले’ असं सांगणाऱ्यांनी दुसऱ्यांदा पाना लावलेला नसतो.

पाट्यांना बांधणाऱ्या क्लिप मोजा. पाट्यांचं काम करताना या काढतात आणि पुन्हा घालताना एखादी राहून जाते. पाटा पिळतो तेव्हा पाटे एकमेकांपासून सुटून उघडतात, आणि पीळ एकट्या मेन पाट्यावर येतो. क्लिप जागेवर असल्या की बाकीचे पाटेही भार वाटून घेतात. गाडीच्या वयाला साजेशी थोडी धडधड असेल तर कधी एवढ्या क्लिपनंच ती जाते.

बुश आणि शॅकल

‘टक्’ एकदाच येत असेल तर हे आधी बघा. गाडी घोडीवर (लोखंडी स्टँडवर) घ्या. इथे एक गोष्ट ठासून सांगतो. आपल्याकडे चिरा हाताशी असतो, म्हणून लोक जॅक काढून गाडी चिऱ्यावर ठेवतात आणि खाली शिरतात. जांभा दाबाखाली तडा न दाखवता फुटतो, भिजलेला असला तर आणखी लवकर. चिऱ्यावर ठेवलेल्या गाडीखाली मी स्वतः जात नाही, पोराला जाऊ देत नाही. घोडी चेसीच्या खाली, खाली जाड लाकडी फळी, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओंडके. पावसाळ्यात मातीच्या खळ्यात (अंगणात) तर हे काम करायचंच नाही, जॅक लोण्यात रुतावा तसा रुततो.

मग पहार घ्या, पाट्याच्या डोळ्याजवळ टेकवा, हळूच उचका. रबरी बुश थोडा दबतो, ते चालतं. डोळा आणि पिन यांच्यात लोखंड लोखंडाला लागल्याचा टणका आला तर बुश संपला. शॅकल (पाट्याचा मागचा डोळा चेसीला जोडणारी हलती कडी) एका बाजूला कललेला दिसला तरी तेच. बुश बदलताना बोल्ट हातानंच लावून ठेवा, गाडी चाकांवर उभी करा, दोनदा हलवा, आणि मगच शेवटचं आवळा. लटकत्या पाट्यावर आवळलेला रबरी बुश गाडी खाली आली की कायमचा पिळलेला राहतो आणि काही महिन्यांत फाटतो.

आगोटीला (पावसाळ्याच्या तोंडावर) लोक गाडीला खालून जळकं ऑइल मारतात, गंज लागू नये म्हणून. चेसीला मारा, हरकत नाही. पण रबरी बुशावर आणि शॉकअपच्या रबरावर मारू नका, रबर फुगून मऊ पडतं. ब्रेकच्या ड्रमजवळ तर नकोच.

गाडी उंच दिसावी म्हणून लांब शॅकल घातले असतील तर ते काढा. लांब शॅकल पाट्याचा मागचा डोळा चेसीपासून खाली ढकलतो, त्यानं हौसिंग कलतं आणि पिनियनचं नाक वर जातं. पिळाच्या त्रासाला सुरुवातीलाच हात दिल्यासारखं. वर प्रोपेलर शाफ्टचे (इंजिनाकडून हौसिंगला जोर नेणाऱ्या दांड्याचे) क्रॉस, म्हणजे सांधे, लवकर जातात, साठ-सत्तरच्या वेगाला अंगाखाली गुणगुण सुरू होते.

क्रॉस तपासायचे तर गाडी न्यूट्रलला, चाकांना ओंडके, शाफ्ट हातानं मागे-पुढे आणि वर-खाली हलवा. क्रॉसमध्ये खेळ जाणवला तर बदला. पिनियनच्या फ्लँजमध्येच खेळ असेल तर तिथे थांबा, ते डिफरन्शियलचं काम आहे.

शॉकअप

इथे लोक सगळ्यात जास्त पैसे वाया घालवतात. शॉकअप गाडीचं वजन उचलत नाही. पाट्याची उसळी विझवणं एवढंच त्याचं काम. मागची बाजू बसली म्हणून नवीन शॉकअप घालणं म्हणजे छप्पर गळतंय म्हणून दार बदलणं.

कोपरा दाबून सोडायची चाचणी कारला ठीक आहे, पाट्याच्या गाडीला फसवी. पाटे एकमेकांवर घासतात, त्या घासण्यानंच उसळी विझते. शॉकअप मेलेला असला तरी गाडी एकदाच हलून थांबते आणि तुम्ही समाधानानं घरी जाता. त्यापेक्षा खराब रस्त्यावर पाच-सात किलोमीटर चालवा आणि उतरल्याबरोबर दोन्ही शॉकअपच्या नळीला हात लावा. काम करणारा शॉकअप तापतो. एक कोमट आणि एक गार लागला तर गार आहे तो फक्त लटकतोय. सायलेन्सरपासून हात सांभाळा, त्या बाजूचा शॉकअप नुसत्या त्याच्या झळीनंही तापलेला लागू शकतो.

गळती बघायची तर पावसाआधी. पावसात ऑइल धुतलं जातं. नळीवर पातळ ओलसर थर आणि त्यावर धूळ, एवढं चालतं. ओघळ खाली टोकापर्यंत आला असेल तर बदला, आणि बदलायचे तर जोडीनं.

खालचा बोल्ट काढून शॉकअप हातानं ओढा, दाबा. दोन्ही दिशांना सलग विरोध लागला पाहिजे. बहुतेकांत ओढताना जास्त लागतो. मध्येच कुठे मोकळा खचका लागला तर तो गेला. नवा शॉकअप दुकानात आडवा पडलेला असतो, आत हवा शिरलेली असते. बसवण्याआधी उभा धरा, चार-पाच वेळा पूर्ण ताणून पूर्ण दाबा. मऊ खचका जाऊन सलग जड लागेपर्यंत. हे न केल्यामुळे ‘नवीनच खराब निघाला’ म्हणून परत आलेले शॉकअप मी याच पद्धतीनं चालू करून दिलेत. रबराचा नट आवळताना रबर वॉशरच्या कडेला येईल इतकंच, फुगून बाहेर सांडेपर्यंत नाही.

रस्त्यावरच्या गाडीला कडक शॉकअप नको. कडक शॉकअपवर चाक खड्ड्याच्या मागे खाली जायला उशीर करतं, तेवढा वेळ टायर हवेत. ओल्या वळणावर तो वेळ महाग पडतो. घट्ट-सैल करता येणारे शॉकअप असतील तर सगळ्यात सैल जागेपासून सुरू करा, दोन्ही बाजूंना एकेक खटका वाढवा, रोजच्याच रस्त्यावर चालवून बघा, झुलणं एका उसळीत थांबलं की सोडून द्या. काही गाड्यांत एक शॉकअप हौसिंगच्या पुढे आणि दुसरा मागे बसवलेला असतो. ती चूक नव्हे, दोन्ही मिळून हौसिंगच्या पिळालाही थोडा अटकाव करतात. ‘सारखे दिसावेत’ म्हणून एक उलटा फिरवू नका.

लांबीही बघा. गाडी चाकांवर उभी असताना शॉकअपचा दांडा साधारण मधोमध हवा: वर यायला जागा, खाली जायलाही जागा. दांडा दिसत असेल तर त्यावर बारीक केबल टाय घट्ट लावा आणि माल भरून खड्ड्यातून एक फेरी मारा. टाय कुठवर सरकला ते बघा. अगदी टोकापर्यंत गेला असेल तर रबरी बंप स्टॉप टेकायच्या आधीच शॉकअप ठोकर खातोय. तो फुटेल, नाहीतर चेसीवरचा ब्रॅकेट फाडेल.

आता बार

हे सगळं ठीक आहे आणि तरी धडधड आहे, तर पाटा खरंच पिळतोय का ते डोळ्यांनी बघा. मोकळ्या चढावर एकानं पहिल्या गिअरमध्ये सावकाश गाडी काढायची, दुसऱ्यानं बाजूला लांब उभं राहून मोबाइलवर मागच्या पाट्याचा व्हिडिओ घ्यायचा. गाडीच्या मागे किंवा पुढे उभं राहायचं नाही. काही जण हँडब्रेक ओढून क्लच सोडतात आणि म्हणतात, ‘काय हलत नाय.’ हलणार कसं? मागच्या ड्रमचा हँडब्रेक ओढला की ब्रेकची प्लेट हौसिंगलाच चाकाबरोबर पकडून ठेवते, पीळ हौसिंगमधल्या हौसिंगमध्येच जिरतो. पाट्यापर्यंत तो पोचतच नाही. व्हिडिओ हळू करून बघा. पिनियनचं नाक दोन बोटं वर उठताना दिसलं तर बारला अर्थ आहे.

नाक जागचं हललं नाही तर पैसे ठेवा.

साधा बार यू बोल्टच्या प्लेटबरोबर पाट्याखाली आवळतात आणि त्याच्या पुढच्या टोकाला रबराचा ठोकळा असतो. तो ठोकळा पाट्याच्या पुढच्या डोळ्याच्या बरोबर खाली यायला हवा. डोळा चेसीला बांधलेला, तिथे टेका घेतला की जोर थेट चेसीत जातो. बार आखूड पडला आणि ठोकळा डोळ्यामागे पाट्यावरच टेकला, तर प्रत्येक चढाला तो पाटा त्याच जागी वाकवतो आणि एक दिवस मेन पाटा तिथेच मोडतो. एका जीपचा असाच मोडलेला पाटा माझ्या कपाटाखाली ठेवलाय, बार मागायला येणाऱ्याला दाखवायला.

रस्त्यावरच्या वापरासाठी ठोकळा आणि डोळा यांच्यात फट हवी. गाडी रोजच्या वजनावर, चाकांवर उभी असताना दहा ते वीस मिलिमीटर, म्हणजे करंगळी ते अंगठा. फट नसेल तर बार प्रत्येक खड्ड्यात टेकतो, पाट्याचा पुढचा अर्धा भाग कामच करत नाही, आणि गाडी बैलगाडी होते. फट फार मोठी असली तर पीळ आधी होऊन जातो आणि मग ठोकळा हातोड्यासारखा आपटतो. फट दोन्ही बाजूंना सारखी ठेवा. एका बाजूला आधी टेकला तर जोर मारताना गाडी एकीकडे ओढ घेऊ शकते, आणि ओल्या घाटात ते नको. रोज माल भरणाऱ्या गाडीची फट माल भरूनच मोजा.

दुसरा प्रकार म्हणजे हौसिंगपासून चेसीपर्यंत जाणारा लांब बार. पाटा वर-खाली होताना हौसिंग थोडं पुढे-मागेही सरकतं. बारची दोन्ही टोकं पक्की बोल्टनं बांधली तर ही हालचाल अडते आणि काहीतरी तुटतं, बहुधा ब्रॅकेट. म्हणून पुढच्या टोकाला शॅकल पाहिजेच. मातीत, दगडांवर फिरणाऱ्या जीपला हा प्रकार बरा, पण त्याला चेसीवर वेल्डिंग लागतं. त्याबद्दल खाली सांगतो.

पिनियनचा कोन मोबाइलच्या अँगल मोजणाऱ्या ॲपनंही कळतो. प्रोपेलर शाफ्टची दोन्ही टोकं एकमेकांशी जवळजवळ समांतर राहावीत, पण पिनियनचं नाक दोन-तीन अंश खाली ठेवतात, म्हणजे जोर पडल्यावर ते वर येऊन सरळ होतं. बार घातल्यावर नाक कमी उठतं, त्यामुळे हा कोन थोडा कमी करावा लागतो. कोन बदलायला पाट्याखाली उतरत्या जाडीची लोखंडी पाचर घालतात. पाचर लोखंडाचीच घ्या, ॲल्युमिनियमची दबून सुटते.

साधा बार पुढे जातानाच काम करतो हेही ध्यानात ठेवा. रिव्हर्समध्ये आणि ब्रेकला पीळ उलटा असतो, नाक खाली जातं, ठोकळा डोळ्यापासून लांब जातो. आमच्याकडचा एक भाऊ, घर टेकडीच्या पोटाला, रोज सकाळी खळ्यातून रस्त्यापर्यंतचा चढ रिव्हर्सनं चढवायचा, आणि धडधड नेमकी तेव्हाच. त्यानं दुसरीकडून बार घालून घेतला होता आणि तो वैतागला होता, ‘पैशे पाण्यात गेले.’ त्याच्या पाट्यांना पुढच्या क्लिप नव्हत्या आणि एका बाजूचा डोळ्याचा बुश लोखंडाला लागत होता. दोन्ही केल्यावर आवाज गेला. बार मी काढून त्याच्याच हातात दिला, म्हटलं गाडीचं वजन तरी कमी होऊ दे.

बार किंवा जास्तीचे पाटे घालण्याआधी एक बघा. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत मनाला येईल तसा फेरफार करता येत नाही. पासिंगला किंवा अपघातानंतर विम्याला हा प्रश्न येऊ शकतो. पिवळ्या नंबरप्लेटच्या गाडीला तर मी आरटीओला विचारल्याशिवाय बार घालतच नाही.

इथे थांबा

पाट्याच्या हँगरजवळ चेसीला भेग दिसली तर पाना खाली ठेवा. वेल्डिंगवाल्यानं ‘दोन टाके मारतो’ म्हटलं तरी नाही. चेसीचं वेल्डिंग कुठे करायचं आणि कुठे नाही हे ज्याला माहीत आहे त्याच्याकडेच जावं, आणि नव्या गाड्यांत आधी बॅटरी सोडायची असते, नाहीतर इलेक्ट्रॉनिक्स जळतं. हौसिंगवर वेल्डिंग करून बारचा ब्रॅकेट लावायचा असेल तरी तेच. हौसिंग गरम होऊन किंचित वाकतं, ते डोळ्याला दिसत नाही, पण टायर महिन्याभरात एका कडेनं साफ होतात. पाट्यावर मात्र वेल्डिंग कुणीही करू नये. तापवलं की त्याचं पाणी जातं आणि तो तिथेच मोडतो. तुटलेला पाटा पाटेवाल्याकडे न्यायचा.

डिफरन्शियलमधून किरकिर किंवा गुणगुण येत असेल, पिनियनमध्ये खेळ असेल, तर क्राऊन-पिनियन बसवणारा माणूस हवा. त्याची मापं मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतात, पाना आणि अंदाजाचं ते काम नाही. हौसिंग सरकल्यामुळे ब्रेकचा होज ताणला गेला असेल, किंवा ब्रेकचा पाइप बारला घासत असेल, तर गाडी चालवत आणू नका. तिथून मला किंवा जवळच्या मेस्त्रीला फोन करा, गाडी टो करून नेऊ. पाटा मोडल्यावरही लोक दोरीनं बांधून घाट उतरतात, मी बघितलंय. घाट चढताना मोडला असेल तर गाडी तिथेच कडेला लावा, चाकांना ओंडके लावा आणि माल दुसऱ्या गाडीत भरा. मासळीच असेल तर आधी बर्फाची सोय बघा, गाडी कुठे जात नाही.